डोळ्याजवळचं बारीक चाक

"मावशी, यात काहीच बिघडलेलं नाही," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"नाही कसं? या बारीक काचेला डोळा लावला की सगळं पुसट दिसतं. मुलगा म्हणतो, देऊन टाक कुणाला तरी, बाबांनंतर कोण वापरणार आहे?"

मुलाचं ते बोलणं मला चांगलंच झोंबलं होतं. मी वापरणार होते! जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, मशीन खोलून पुन्हा जोडते, मला हा डबा जमणार नाही? शिवाय मला बघायचंच होतं, की आमचा माणूस सुट्टीची अख्खी सकाळ गॅलरीत उभा राहून यातून बघायचा तरी काय. समोर गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि दोरीवरचे कपडे. इकडे चहा गार होऊन त्याचं पाणी व्हायचं. "मलाही दाखवा की," म्हणून हात पुढे केला तर हसायचे. "तुला नाही दिसायचं यातून." मग मीही हट्टाला पेटले, पुन्हा मागितला नाही. ते गेल्यावर डोळ्याला लावला, तर खरंच धड दिसेना. म्हटलं, घ्या, गेल्यावरही माझीच जिरवली.

दुरुस्तीवाला बोलका होता. "लोक एवढा महागाचा कॅमेरा घेतात आणि एकच बटण दाबत बसतात," म्हणत त्याने मला काय काय दाखवलं. फोटो सरळ यावा म्हणून पडद्यावर आखता येणाऱ्या रेघा, काढलेला फोटो मोठा करून बघायची युक्ती, पाखरू उडू नये म्हणून आवाज बंद करायची सोय. "अहो, आवाज तर आधीच बंद आहे. काका पोचलेले दिसतात!"

"काकांना घरातला मिक्सर लावता येत नव्हता," मी म्हटलं, पण मला बरं वाटलं.

"आता तुमचं दुखणं." काचेच्या कडेला एक बारीक चाक होतं, मला ते कधी दिसलंच नव्हतं. त्याने कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला आणि नखाने चाक फिरवायला लागला. "स्पष्ट झालं की सांगा."

"थांबा, थांबा! अगं बाई!"

रस्त्यापलीकडच्या गॅलरीत एक बाई चादर झटकत होती. चादरीची उसवलेली शिवणसुद्धा दिसली मला. मी हसायलाच लागले.

"मग आधी असं का दिसत होतं?"

"हे चाक ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे लावायचं असतं. काका चष्मा काढून बघत असतील. त्यांच्या नंबराला लावलेलं होतं. त्यांना लख्ख, तुम्हाला पुसट."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. म्हणजे ते मला चिडवत नव्हते, खरंच सांगत होते. आणि ज्याला मी बिघाड म्हणत होते, ती त्यांची नजर होती. घरात तेवढीच उरली होती, आणि ती मीच इथे आणून पुसून घेतली.

"होतं तसं करा," मी म्हटलं.

"आँ? आत्ता तर दिसायला लागलं!"

"करा म्हणते ना! कुठे होतं ते?"

"ते कोण लक्षात ठेवतं, मावशी?"

अरे, मी मशीनचा साधा स्क्रू फिरवते तेव्हासुद्धा आधी खडूने खूण करते! असा राग आला त्याचा. पण त्या बिचाऱ्याची काय चूक? मीच तर दुरुस्त करा म्हणून आले होते.

त्याला माझ्या आवाजावरून कळलं असावं. हळूच म्हणाला, "काकांच्या चष्म्याचा नंबर सांगा. जवळपास आणून देतो."

मी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागले.

"बरं, चष्मा आणा. त्यावरून काढू."

"तो दवाखान्यात राहिला. त्या गडबडीत."

रोज सकाळी मी तो चष्मा पुसून त्यांच्या हातात द्यायची. कुठल्या काचेवर चरा आहे, कुठली दांडी सैल आहे, कुठल्या कानामागे वळ उठतो, सगळं मला पाठ होतं. नंबर मात्र कधी विचारला नाही.

"राहू द्या मग," मी म्हटलं आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. ती बाई चादरीची घडी घालत होती. घडी घालून ती आत गेली, गॅलरीचं दार लागलं, तरी मी कॅमेरा खाली घेतला नाही. दुरुस्तीवाल्याला माझे डोळे दिसायला नको होते.