धुतलेली मुळे

"भाऊ, काल तुम्हीच म्हटलं न, माती धुऊन ठेवा म्हणून?" नर्सरीवाल्या कांताबाईने ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पेरूची कलमे दयारामच्या टेबलावर ठेवली. "आता काहून नाही म्हणून राहिले?"

फळझाडांची रोपे देशाबाहेर पाठवायची तर मुळांना मातीचा कणही चालत नाही. परवाना हाती पडला की नर्सरीवाले मुळे धुतात आणि गाडी भरतात. हाती पडला की, आधी नाही. पण तेलीबांध्याच्या या परवाना कचेरीत कारकुनी करत म्हातारा झालेल्या दयाराम रंगारीला घाईतल्या माणसाला 'थांबा' म्हणणे कधी जमलेच नाही. नेपाळला जाणारी गाडी कांताबाईच्या दारात उभी, साहेबांची तेवढी सही बाकी. बोलून गेला फोनवर, "धुऊन घ्या बाई, सही होऊनच राहिली."

आज सकाळी सहीऐवजी आदेश आला. राज्यातच कलमांचा तुटवडा, निर्यातीचे परवाने बंद. तुटवडा खोटा नव्हता. रोज शेतकरी येत आणि रिकाम्या हाताने परत जात. आदेशाला शिव्या घालायचीही सोय नव्हती, याचा दयारामला फार शीण आला.

तो अनंतरावसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, ही एक गाडी जाऊ द्या. मुळं धुतली आहेत बाईनं."

"परवान्याआधी? कोणी सांगितलं धुवायला?"

"मी."

साहेबांनी चष्मा काढला. "मग आपल्याच शेतकऱ्यांना वाटून टाका."

"या उन्हात उघड्या मुळाचं पेरूचं कलम कोण नेईन साहेब? शेतात पोचेपर्यंत वाळून जाईन."

"माझ्या हातात काही नाही, दयाराम." साहेब खरेच बोलत होते.

कचेरी सुटल्यावर त्याने स्कूटर थेट नर्सरीकडे वळवली. कांताबाई एकटीच खाली बसून पिशव्यांत माती भरत होती आणि कलमे पुन्हा लावत होती. मागे ढीग तसाच पडलेला. पाने माना टाकू लागली होती.

"काहून आले?"

"लावू लागतो."

तिने मातीचे घमेले त्याच्याकडे सरकवले. चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते त्याला. तो अंधार पडेपर्यंत पिशव्या भरत राहिला.

उठताना त्याने विचारले, "जगतील न, बाई?"

"थोडी जगतील. बाकीची चुलीत जाळाले होतील." मग ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर धुतली, भाऊ. परवान्यावर नाही."

घरी बायको, चित्रा, वाट पाहत होती. त्याचे हात बघून ती दारातच म्हणाली, "अगंबाई, कुठं गेले होते? धुऊन या आधी, वाढून राहिली मी."

दयाराम मोरीत गेला. नळ सोडला. मनगटापर्यंत माती होती, नखांत गच्च बसलेली. त्याने हात न धुताच नळ बंद केला आणि ते हात मांडीवर ठेवून तो उंबऱ्यावर बसून राहिला.

"जेवण थंडं होऊन राहिलं न," चित्रा आतून म्हणाली.

"हव," तो म्हणाला, पण उठला नाही.