जागा दाखवणारं अंडं

मी एक अंडं बोलतोय. खोटं अंडं. आत भरीव सागवान, वरून चुना. माझ्यातून पिल्लू निघणार नाही, माझी पोळी होणार नाही, आणि मी हातातून निसटलो तर फुटलीच तर फरशी फुटेल. हसायचं तर हसून घ्या. पण शहाणी म्हणवणारी माणसं जे शिकली नाहीत, ते मी बसल्या जागी शिकवलं आहे.

माझा जन्म नागपूरच्या लकडगंजातला. लाकूड कातणाऱ्या खरादीवाल्याकडे पलंगाच्या पायाचा तुकडा उरला होता. खापरखेड्याहून बसनं आलेली भागीरथाबाई त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "याचं अंडं करून दे गा. कोंबडीच्या अंड्याएवढं. एका बाजूनं निमुळतं."

"लट्टू नको? अंडं?" तो हसायला लागला. "कोंबडीले फसवता काय बाई?"

"फसवायचं काहून? तिले तिची जागा दाखवायची आहे."

तो आणखीच हसला. जागा दाखवणं म्हणजे कोणाचा तरी पाणउतारा, एवढंच त्याला ठाऊक. भागीरथाबाई हसली नाही. तिला एकदा जागा दाखवली गेली होती.

ते असं. खापरखेड्याच्या वीजघराच्या कॉलनीत तिचा नवरा धोंडबा बॉयलरवर कामाला. वाळत घातलेल्या लुगड्यावर राख पडायची, अशी ती कॉलनी. यांच्या घरात बुद्धाची तसबीर, शेजारच्या रंभाबाईच्या घरात देवांचा पाट. रंभाबाईच्या पोराचं लग्न झालं, तेव्हा भागीरथाबाई नवं लुगडं नेसून सून बघायला गेली. आत बायका सतरंजीवर बसलेल्या. रंभाबाईनं दाराबाहेर पोतं टाकलं आणि म्हणाली, "इथं बस वं, भागीरथा." भागीरथाबाई बसली नाही. उभ्या उभ्या परत आली. त्यानंतर एकीनं दुसरीचा उंबरा ओलांडला नाही.

पण कुंपणाला भोक होतं, आणि कोंबड्यांना हे राजकारण कोणी सांगितलेलं नव्हतं.

भुरी, काळी आणि चितरी. तिघी तलंगा, म्हणजे अजून अंडं न घातलेल्या तरण्या कोंबड्या. भागीरथाबाईनं त्यांना डालग्याखाली ठेवून घारीपासून वाचवलं होतं. "घर वीजघराचं, नवराही वीजघराचा," ती म्हणायची, "माह्या म्हणाव्या अशा ह्या तिघीच." त्यांचे तुरे लाल झाले, त्या कानाकोपरे धुंडायला लागल्या, आणि मग अंडी पडायला लागली नको तिथं. कधी धुण्याच्या गाठोड्यात, कधी धोंडबाच्या बुटात, कधी रंभाबाईच्या सरपणात. शेवटी भुरीनं कळस केला. रंभाबाईच्या देवांच्या पाटाखाली अंडं घातलं. रंभाबाईच्या नवऱ्यानंच ते पाहिलं, आणि मग रंभाबाईचा आरडाओरडा अख्ख्या कॉलनीनं ऐकला. कॉलनीचे पुढारी भैयाजी दारात येऊन बजावून गेले, "आणखी एक तक्रार आली, का कोंबड्या इथून गेल्याच समजा."

म्हणून मी.

भागीरथाबाईनं संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या विटांवर आडव्या ठेवल्या. आत भाताचं तणस अंथरलं. तोंडावर गोणपाटाचा पडदा सोडला, कारण अंडं घालताना कोणी टक लावून पाहिलेलं कोंबडीला खपत नाही. बायकांना हे वेगळं सांगायला नको. आणि मधोमध मला ठेवलं. सकाळ सरेपर्यंत ती तलंगांना अंगणाबाहेर सोडत नसे. एखादी भलत्याच कोपऱ्यात बसायला लागली तर ओरडायची नाही, खडा मारायची नाही. दोन्ही हातांनी उचलून पेटीत आणून ठेवायची.

"अंडं लाकडाचं अन् कोंबडी खरी," धोंडबा म्हणाला. "येडी समजली काय तिले?"

"येडी नाही ते. जिथं एकीचं सुखरूप राहिलं, तिथं दुसरीले भरवसा वाटते. तुम्ही जेवा मुकाट्यानं."

एका सकाळी भुरी पडद्यातून आत आली. मला चोचीनं ढकललं, पायानं तणस उकरलं, आणि फुगून माझ्यावर बसली. लाकडाला ऊब म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ती उठली तेव्हा माझ्या शेजारी एक खरं अंडं होतं, लहानसं, कोमट. भागीरथाबाईनं ते उचलून गालाला लावलं. मग काळी आली, मग चितरी. कुंपणापलीकडे जाणं थांबलं.

सगळं ठीक चाललं होतं, आणि एका दुपारी पडद्यातून एक हात आत आला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. भागीरथाबाईच्या हातात एवढ्या बांगड्या नसतात. शेजारी खरं अंडं पडलेलं असताना त्या हातानं मला उचललं! पदराखाली लपून मी निघालो, तो थेट रंभाबाईच्या सरपणात.

तिथं मला सगळं ऐकू आलं. रंभाबाईची सून सत्यवती पोटुशी होती, अंगात रक्त नव्हतं. नर्सबाईनं अंडी खायला सांगितलेली. पण घरात अंडं वर्ज्य, म्हणून सरपणात सापडणारी अंडी रंभाबाई गुपचूप उकडून तिलाच देत होती. बोंब फक्त पाटाखालच्या अंड्याची झाली, कारण ते नवऱ्यानं पाहिलं. मग मी तलंगांना वळण लावलं, आणि सुनेचं अंडं बंद झालं. मला सरपणात ठेवलं की कोंबड्या पुन्हा तिथं येतील, हा रंभाबाईचा हिशेब.

"आई, देवाले समजलं तं?" सत्यवती विचारत होती.

"देवाले पोटातलं लेकरू पहिले दिसते. तू खाय गुपचूप."

दुसऱ्या सकाळी भुरी मला शोधत आलीच. तिच्या मागोमाग भागीरथाबाई. पोत्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिचं पाऊल त्या अंगणात पडलं. भुरी सरपणात बसलेली, आणि रंभाबाई शेजारी टपलेली. भागीरथाबाईनं भुरीखाली हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"काय वं रंभाबाई? लाकडाच्या ढिगात माहंच लाकूड!"

"हळू बोल वं माय. भैयाजी ऐकतीन."

"ऐकू दे! पाटाखालचं अंडं साऱ्या कॉलनीनं ऐकलं, आता हेही ऐकू दे."

एवढ्यात सत्यवती दारात आली. पांढरीफटक, एक हात पोटावर. भागीरथाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला.

"कितवा?"

"सातवा," सत्यवती पुटपुटली.

भागीरथाबाई रंभाबाईकडे वळली. "मांगायले तोंड नव्हतं काय तुले?"

"कोणत्या तोंडानं मांगू? पोतं टाकलं होतं मी तुले."

भागीरथाबाईनं मला इतकं घट्ट धरलं होतं, की चुना तिच्या तळव्याला लागला.

"माह्या घरचं अंडं चालते, मी नाही चालत," ती शेवटी म्हणाली. "रोज अंडं मिळन तुह्या सुनेले. पण कुंपणातून नाही. उद्यापासून दारातून येशीन. अन् बसशीन."

सकाळी नळावर कॉलनीतल्या झाडून साऱ्या बायका. त्यांच्यासमोरून रंभाबाई आली आणि उंबऱ्याशी अडकली. भागीरथाबाईनं सतरंजी अंथरली. अर्ध्यावर स्वतः बसली, उरलेल्या अर्ध्यावर हात थोपटला.

"ये. हे तुही जागा."

रंभाबाई बसली. पुढ्यात चहा आला. ती त्याकडे पाहत राहिली, तोवर त्यावर साय धरली. नळावरच्या बादल्यांचा आवाज थांबला होता. मग तिनं कप उचलला आणि प्याली, तळाशी साखर राहिली तेवढी ठेवून. जाताना अंडं पदराखाली घेतलं नाही. उघड्या तळव्यावर घेऊन नळासमोरून चालत गेली. तक्रार पुन्हा आली नाही. कोंबड्या राहिल्या.

सत्यवतीला मुलगी झाली, तारा. तिनं मला फरशीवर घरंगळवून माझा चुना पार उडवला. धोंडबाची नोकरी संपली, भागीरथाबाई नागपुरात लेकीकडे आली. इथं कोंबड्या नाहीत. अंडी दुकानातून येतात, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची. त्यांना कुठं बसायचं ते कोणी विचारत नाही. मी फळीवर असतो, डब्यांच्या मागं. भागीरथाबाई अधूनमधून मला उतरवते, पदरानं पुसते आणि परत ठेवते.

उद्या ती नसेल तेव्हा कोणी मला जुनं लाकूड म्हणून शेगडीत घालू नका. एवढं माझं ऐका. कोणाला जागा दाखवायची वेळ आलीच, तर आधी आपण बसा, आणि अर्धी सतरंजी मोकळी सोडा.