दर रविवारची फेरी

तहसील कचेरीत बाबू असताना हेमंतरावांनी एक दाखला कधी खोटा लिहिला नाही. पण रिटायर झाल्यावर पोटच्या पोरीला, अपर्णाला मात्र दर रविवारी फोनवर ठोकून द्यायचे, "आत्ताच पांढुर्ण्याहून आलो न! कार मस्त पळून राहिली." बायको नलिनीबाई वारल्या तेव्हापासून दोन वर्षं कार सौंसरच्या अंगणातून हलली नव्हती. जाणार कुठं, आणि कोणासोबत? पण अपर्णाला काळजी नको म्हणून बापानं ही फेरी रचली होती.

आणि आली न पंचाईत! अपर्णा या रविवारी नागपूरहून भोपाळला चालली होती. रेल्वे पांढुर्ण्याला दोन मिनिटं थांबते. "बाबा, फलाटावर या, तोंड तरी दिसेल," म्हणाली. दोन वर्षांनी लेक दिसणार! हेमंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नवी बॅटरी बसवून घेतली. इंजिन सुरू झालं, पण मागची चाकं काही केल्या फिरेनात.

गजेंद्र मिस्त्री आला आणि खाली वाकला. चाकांपुढे दसऱ्याच्या पूजेची लिंबं वाळून टणक झाली होती, पण अख्खी होती.

"काकाजी, कार धुतली, पूजा केली अन् निंबावरून काढलीच नाही? ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला. चाकाचा ड्रम गंजला अन् ब्रेकचे लायनर त्याले चिकटले न! तुम्ही बसनं जा. आत्ता आहे एक."

"नाही. पोरीले कारनं येतो म्हणून सांगितलं."

घ्या! दोन मिनिटांत ती काय स्टेशनाबाहेर येऊन कार तपासणार होती? पण हट्ट तो हट्ट. बस निघून गेली, हातोडा चालत राहिला. शेवटी चाकं सुटली, तर ब्रेकवर पाय ठेवताच पेडल खालपर्यंत गेलं.

"ब्रेकचं ऑइल सारं गळलं. अशी मी तुम्हाले नेऊ नाही देत," गजेंद्र म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी डब्याच्या दारात उभी आहे. कुठं आहात?"

"अवं, मित्रमंडळींनी लोधीखेड्याले जेवाले ओढून नेलं. सुटू देऊन नाही राहिले."

अपर्णा हसली. "बरं वाटलं बाबा. मला वाटायचं, एकटेच बसून असता. मग ऐका न, उन्हाळ्यात पंधरा दिवस तुमच्याकडे येणार होतो, पण घरात मनालीला फिरायला जायचं चाललंय. तुमची काळजी होती म्हणून मी अडून बसले होते. जाऊ ना?"



"माझं काय अडते? जा न तुम्ही."

फोन ठेवला आणि गजेंद्रसमोरच ते लहान पोरासारखे रडले.