सुपातलं आणि डोळ्यातलं

"आई, काय हाकलताय?"

"माशी. पोरीच्या तोंडावर बसतेय मेली."

"माशी नाहीये, आई."

"नाहीये कशी? ती बघ, गेली कपाळावरून. डोळे आहेत का बटणं लावलीत तुला?"

सुनेने वाकून पाहिलं. पोर पडवीत झोपली होती आणि तिचं कपाळ स्वच्छ होतं. सासूचा हात मात्र अजून हवेत होता, आणि नजर कशाच्या तरी मागे मागे चालली होती, भिंतीवरून दाराकडे, दारावरून आढ्याकडे.  पोर झाल्यापासून सून चुलीकडे, कोयत्याकडे, विहिरीच्या कठड्याकडे, सगळ्याकडे एकाच धास्तीने बघायची. आता सासूच्या डोळ्यांकडेही तशीच बघायला लागली.

आणि ते डोळे काही साधेसुधे नव्हते. म्हातारीला गावात घारआजीच म्हणत. घेवड्याचं बी निवडावं तर तिनेच. दाणे सुपात पसरायचे, सूप एकदा झुलवायचं, की बोट नेमकं किडक्या दाण्यावर जाऊन थांबणार. त्या घरचा घेवडा पांढराशुभ्र, पातळ सालीचा. तिच्या सासूने जाताना तिच्या ओटीत टाकलेला. अख्खी आळी पेरणीला तिच्याकडूनच बी न्यायची. दुसरं कुणी राखायचंच नाही. "घारआजी आहे ना," म्हणायचे आणि घरातलं होतं नव्हतं ते शिजवून मोकळे व्हायचे.

मुलगा अधूनमधून टोकायचा, "आई, बाजारात पाकिटातलं बी मिळतं, औषध लावलेलं. कशाला डोळे फोडून घेतेस?"

"माझे डोळे मिटले की आण तुझी पाकिटं. तोवर माझ्या सुपाला हात लावायचा नाही कुणी."

एवढं ठणकावून सांगितलेलं, म्हणून तर डोळ्यांचं ती कुणाला सांगत नव्हती. माशी आली होती थंडीच्या सुरुवातीला. आधी एकच. मग तिच्यामागे केसांचा गुंता, मग सांडलेल्या मोहरीसारखे ठिपके. चुलीपुढच्या अंधारात नाहीसे व्हायचे आणि अंगणात उजेडाला आलं की हजर. बघायला गेलं की पळायचे. नजर थांबली की भांड्यात गाळ बसावा तसे सावकाश खाली उतरायचे. वरून सुईत दोरा जाईना, आणि संध्याकाळी उंबरा आहे तिथून हललाय असं वाटायचं.

शेवटी सूनच नवऱ्याच्या मागे लागली आणि सासूला बाजारगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा मारून आत डोकावलं.

"आजी, डोळ्याच्या आत काचेसारखा स्वच्छ गर असतो. वयानं तो पातळ होतो, त्यातले धागे गोळा होतात. त्यांची सावली दिसते तुम्हाला. डावीकडे मोतीबिंदूही धरतोय, तो वाढला की बघू."

"मग हे धागे काढा की."

"काढण्यासारखं काही नाही त्यात. त्यांच्याकडे बघायचं नाही. सवय होते."

"डोळ्यापुढं माशी घोंगावतेय आणि बघायचं नाही? तुमच्या ताटावर बसली असती म्हणजे कळलं असतं!"

डॉक्टर हसले. सुनेला म्हणाले, "अचानक खूप वाढले, विजेसारखं चमकलं, किंवा पडदा आल्यासारखं झालं, तर तडक घेऊन या."

सुनेने ते मनात कोरून ठेवलं. रोज सकाळी दूध ओतता ओतता तिचं सुरू व्हायचं, "आई, चमकलं का काही? पडदा वगैरे?"

"तुझ्या तोंडावर टाक एक पडदा."

आणि सासूचा हात हवेत उठला की सून लगेच म्हणायची, "दुर्लक्ष करा, आई." मायेनेच म्हणायची. घारआजीने मनावर घेतलं. हात उठायला लागला की तो मांडीखाली दाबून ठेवायची. हळूहळू हात उठेनासा झाला. सून खूश झाली. नवऱ्याला म्हणाली, "बघा, सवय झाली त्यांना."

शेंगा वाळल्या, झोडपून झाल्या. घारआजी अंगणात सूप घेऊन बसली. पांढरं बी, पांढरं धोतर अंथरलेलं, वरून लख्ख ऊन. ठिपक्यांना तर रानच मोकळं मिळालं. सुपात दाणे किती आणि डोळ्यात किती, तेच कळेना. त्यात एका दाण्यावरून एक काळं पुढे सरकलं. तिने नजर डावीकडे नेली. सगळे ठिपके डावीकडे धावले. हा मात्र जागच्या जागी राहिल्यासारखा वाटला. पुन्हा बघावं तर सगळे मिसळून गेले.

हातभर अंतरावर सून पोरीच्या अंगाला तेल चोळत होती. 'अगं, हे जरा बघ' एवढंच म्हणायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले. पण आज हे बघ म्हटलं, की उद्या सूप सुनेच्या मांडीवर आणि परवा पाकिटं घरात.

"काय झालं, आई? काही दिसतंय का?"

"काही नाही. तेच आपलं, नेहमीचं."

"दुर्लक्ष करा."

घारआजीने केलं. सूप पत्र्याच्या कोठीत रिकामं केलं आणि पुढचं भरून घेतलं.

पेरणीच्या सकाळी घारआजीची धाकटी जाऊ सगळ्यांच्या आधी पातेलं घेऊन आली. "अक्का, माझं पहिलं भरून दे हो. मग तो सगळा घोळका येईल आणि मी राहीन तळाला."

"बस की जरा. पळून चाललंय का बी?"

घारआजीने झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. हात सहज खाली गेला. फार सहज. दाण्यांना वजनच नव्हतं, आणि मुठीतून पिठासारखं काही गळत होतं. तिने हात वर काढला. त्यावर काळं काळं चाललेलं तिला दिसत होतं. तिने दुर्लक्ष केलं.

"अक्का! अगं, भुंगे! हातावर चढलेत तुझ्या, झटक आधी!"

सून धावत आली. दाणा न् दाणा पोखरलेला होता. कोठीचा तळ भुकटीने भरला होता, आणि त्या भुकटीतून भुंगे वर येत होते.

घारआजीने हात झटकला. मग घारआजीच म्हणाली, "धाकटे, तुझ्याकडं असेल ना गं मूठभर? यातलंच ते. वर्षभरात पुन्हा वाढवीन मी."

"माझ्याकडं कुठलं, अक्का? तू आहेस म्हणून सगळं शिजवून खाल्लं." जावेने रिकामं पातेलं पदराखाली घेतलं. "विचारते आळीत कुणाला."

आळीत कुणाकडेच नव्हतं.

मुलगा उठला. बाजारातून पाकिटं घेऊन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं म्हातारीला वाटलं. पाकिटातलं बी लालसर निघालं. सुनेने सूप खाली काढलं. विचारलं नाही की सांगितलं नाही. अंगणात बसून ते पाखडायला लागली, आणि पोर सासूच्या मांडीवर दिली. "एवढी सांभाळा, आई."

पोर झोपली. म्हातारी हलकेच मांडी हलवत राहिली. थोड्या वेळाने पोरीच्या गालावर काळं काहीतरी आलं. ओठांकडे सरकलं. तिने नजर फिरवून बघितली. काही उमगलं नाही. हात मांडीखालीच होता.

"सूनबाई, माशी आहे का गं?"

सुनेने सुपातून मान वर केली नाही. "नाही हो, आई. दुर्लक्ष करा."

पोरीने झोपेतच तोंड वाकडं केलं, मुठी चोळल्या आणि भोकाड पसरलं. सून सूप टाकून धावली. पोरीच्या ओठावरून माशी उडाली, ती तिला दिसली. तिने सासूकडे बघितलं, सुपाकडे बघितलं. मग पोर उचलून कडेवर घेतली आणि तशीच, एका हाताने, सूप झुलवायला लागली.

म्हातारीची मांडी अजून हलत होती.