मुकी झालेली दारं

"आधी ऐक, मग हात लाव."

पंप दुरुस्त करताना तिचा नवरा तिला हेच सांगायचा. त्याला जाऊन सहा वर्षे झाली. मूलबाळ नव्हते, त्याची हत्यारांची पेटी तेवढी मागे उरली. "आपल्या घरात पान्हा आहे तो एवढाच," असे तो हातातले हत्यार दाखवून म्हणायचा आणि तिला हसवता हसवता स्वतःच खिडकीबाहेर बघू लागायचा. आता दर रविवारी सकाळी गल्लीतली पाच मुले तिच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसत. कात्री, छत्री, नळ, कुकरची शिट्टी, हाती लागेल ते उघडून बघत. मुलांनी तिचे नाव पान्हामावशी ठेवले होते. त्या नावाने कोणी हाक मारली की ती आधी मनातल्या मनात देवाला हात जोडायची, मग ओ द्यायची.

या रविवारी चारच मुले आली. पाचव्या मुलीच्या जागी तिची आई दारात उभी राहिली.

"मावशी, ती नाही येणार आजपासून."

"का गं, बरं नाही का तिला?"

"तिला काय धाड भरलीय! तुम्ही मागच्या रविवारी सांगितलंत ना, करकरणारी बिजागरी म्हणजे घासली जाणारी बिजागरी. झालं. मेणबत्ती घेऊन बिजागऱ्यांना मेण चोळत बसली आणि घरातली सगळी दारं मुकी करून टाकली."

मुले फिदीफिदी हसली.

"हसताय काय? सासूबाईंना दिसत नाही. कोण आलं ते त्या दाराच्या आवाजावरून ओळखतात. काल मी जवळ जाऊन बोलले, तर दचकल्या. कपातला चहा पायावर." ती जरा थांबली. "पाय ठीक आहे हो. पण पोरगी कालपासून कशालाच हात लावत नाही. पेनाचं टोपणसुद्धा मला काढायला लावते."

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. आवाजावरून दोष शोधायला तिने शिकवले होते. तो आवाज आणखी कोणाच्या कामाचा आहे का, हे विचारायला शिकवायचे राहून गेले होते.

"आज सुट्टी रे," ती मुलांना म्हणाली. "चूक मास्तरणीची आहे. निस्तरून येते."

पोरीच्या घरी आजी पलंगावर बसली होती, पायावर ओले फडके. नात कोपऱ्यात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"आजी, मी पान्हामावशी. चुकलं माझं."

"चुकलं कसलं? तीस वर्षं करकरत होतं मेलं. मुलगा रोज म्हणायचा, तेल घालतो. घातलं कधी?" आजी हसली. "काम चोख झालं. जरा जास्तच चोख."

"आईनं मेण पुसलं," कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "पण ते आत गेलंय. आता नाही येत आवाज."

मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मला आवाज घालवता येतो. आणायचा कसा, ते कोणी शिकवलंच नाही. तुला जमेल?"

पोरीने नकारार्थी मान हलवली.

"आणि नुसती घंटा नको हं," नात कबूल झालीच आहे असे धरून आजी म्हणाली. "घंटेला काय, सगळे सारखेच. तुझी आई हळू उघडते, बाप धाडकन. तू अर्ध्यावर थांबतेस, कायतरी विसरलेलं असतं म्हणून. ते सगळं कळायला हवं मला."

पोरीने मान वर करून दाराकडे पाहिले.

"म्हणजे हळू उघडलं तर टक... टक... आणि जोरात उघडलं तर टर्रर?"

"हां. तसंच कायतरी."

मांड्यांखालचे हात बाहेर आले. "दुपारपर्यंत करते, आजी."

कसे करता येईल ते एव्हाना मावशीला सुचले होते, अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. एवढे बघायला मिळाले, आणखी काय मागायचे, असे वाटून ती डोळे पुसत राहिली.

पोरगी उठली. आरशाखालची जुनी फणी घेऊन तिने दातांवरून नख फिरवले, एकदा सावकाश, एकदा भरभर: टक... टक..., मग टर्रर. मग स्टूल जमिनीला घासू न देता उचलले आणि दाराकडे निघाली.