तासाभराचा मुक्काम

वेगवान गाडी सुरू झाली की लॉज चालवणाऱ्या वहिनींना सगळ्यांत जास्त फायदा होणार होता: लॉज रोज भरलेलं, हाताखाली माणसं, आणि सकाळी उशिरापर्यंत झोपायचं सुख. निदान त्यांच्या दिरांचा अंदाज तसा होता. मित्रांनो, मी त्याच लॉजमधली एक जुनी लोखंडी खाट आहे, आणि त्या अंदाजापायी खोलीबाहेर पहिली मीच पडले.

लोहाराने मला घडवलं तेव्हा इथली गाडी रमतगमत यायची. ती संध्याकाळी पोचे, परतीची दुसऱ्या दिवशी. तळं बघायला आलेल्यांना मुक्काम चुकायचाच नाही. "घरच्यासारखी झोप लागली," असं म्हणत पाहुणे उठायचे, तेव्हा माझ्या कुरकुरण्याचंही कौतुक व्हायचं.

मग नवे पलंग आले. मला मागच्या अंगणात टाकलं. माझ्यावर ओल्या चादरी वाळू लागल्या.

नवी गाडी आली आणि माणसांची रीघ लागली. पण माणसं सकाळी यायची, तळ्यापाशी फोटो काढायची आणि रात्री जेवायला आपापल्या घरी! नवे पलंग कोरेच राहिले.

"भाऊजी, तुमची गाडी जरा जास्तच वेगवान निघाली."

"वहिनी, लोकांना घराची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं हो!"

लॉज विकायचं जवळजवळ ठरलं. भंगारवाला माझा पाय हलवून म्हणाला, "उद्या नेतो."

त्याच दुपारी तळ्यावरून दमून आलेल्या एक आजी अंगणात शिरल्या. "बाई, गाडीला वेळ आहे. जरा आडवी होऊ?"

"आम्ही खोली रात्रीचीच देतो," वहिनी सवयीने म्हणाल्या.

"रात्री मी माझ्या घरी झोपेन गं. पाय आत्ता दुखतायत!"

आजींनी चादरी बाजूला सारल्या, अंग टाकलं आणि घोरू लागल्या. वहिनी बघतच राहिल्या. मग त्या भाऊजींना म्हणाल्या, "इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही?"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'तासाभर पाठ टेका. गरम पाणी मिळेल. सामान ठेवा.' दुपार होते न होते तोच खोल्या भरल्या. भंगारवाला हात हलवत परत गेला. मी पुन्हा खोलीत आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एखाद्या दमलेल्या माणसाला विचारा. तिच्या सांध्यांत थेंबभर तेलही सोडा.

वहिनींना सकाळची झोप मिळाली, लॉजही वाचलं. किंमत कोणी मोजली म्हणाल, तर वहिनींच्या वामकुक्षीने, दिवसभर टॉवेल वाळत घालणाऱ्या भाऊजींनी, आणि माझ्या जाळीच्या तुटलेल्या दोन तारांनी.