गरम वाऱ्याचे बोंबील

दुपारी सुनेने एसी लावला की खूश होणारी सासू मुरबे गावात एकच होती. आभाळ भरून आलं की चंद्रकांता स्वतः सपनाच्या दारात येऊन म्हणायची, "लाव गो थोडा. बिल मी भरन."

एसीचं बाहेरचं युनिट मागच्या ओट्यावर बसवलेलं होतं आणि ते पुढे गरम हवा फेकायचं. त्या हवेच्या वाटेत चंद्रकांताने बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोड्या दोरीवर टाकायची. किनाऱ्यावर मासळी वाळवायच्या वलांडीपर्यंत चालायला गुडघे साथ देत नव्हते. शिवाय हल्ली ऐन हंगामात ढग यायचे आणि तिथल्या दोऱ्यांवरचा माल नासायचा. हिचा माल मात्र कडकडीत. पालघरच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. गिऱ्हाइकं विचारायची, मावशी, एवढं ऊन आणलंत कुठून?

"सुनेच्या खोलीतून," ती सांगायची.

हे सपनाच्या कानावर आलं तेव्हा ती हसली नाही. ती बेटेगावची, रसायनशास्त्र शिकलेली, बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला कामाला होती. तिच्या खोलीची खिडकी त्या युनिटच्या बरोबर वर उघडायची. उशीला, ओढणीला, धुतलेल्या केसांनाही वास यायचा. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या सलोनीने एकदा खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्या रात्री सपनाने नवऱ्याला सांगितलं, दोऱ्या दुसरीकडे बांधायला लावा.

"आयेचं तेवढंच तर हाय," हितेश म्हणाला. "तेही काढू?"

तिने विषय सोडून दिला.

मग हिवाळा सरता सरता एसी गार करेनासा झाला. हितेशने बोईसरहून शैलेशला बोलावलं. शैलेश पाम गावचा, आसपासच्या गावांतले एसी तोच बघायचा. त्याने खोलीतल्या यंत्राचं झाकण उतरवून आतल्या नळ्यांना साबणाचा फेस लावला. सपना मोबाइलचा उजेड धरून उभी होती. फेसात बारीक बुडबुडे येऊ लागले, एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी.

"गॅस भरून उपयोग नाय वहिनी. परत जाईल," तो म्हणाला. "बाहेरचं बघू."

ओट्यावर आल्यावर त्याला दोऱ्या दिसल्या. बोंबलांच्या जोड्या वाऱ्यावर हलत होत्या. तो मोठ्याने हसला.

"मावशी, एसी होता काय हा, का भट्टी? मिठानं खाल्ली की सगळी कॉइल."

"मीठ?" चंद्रकांता म्हणाली. "बोंबलाला मीठ कोण लावतो रं? तुमच्या पामला लावतात?"

"नका लावू. दर्यातला मासा तो, खारटच."

"दर्याचा वारा खारट नाय? तो कोण आवरतो?"

शैलेशने खांदे उडवले. हितेश दोऱ्यांकडे बघत होता. "आये, किती वेळा सांगितलं तुला," तो म्हणाला. त्याने एकदाही सांगितलेलं नव्हतं.

चंद्रकांताने त्याच्याकडे पाठ केली. ती सपनाकडे वळली. "तू शिकलेली हायस गो. तू सांग. माज्या बोंबलानं झालं ह्ये?"

सपनाने आतल्या नळ्या जवळून पाहिल्या होत्या. त्या काजळी धरल्यासारख्या काळ्या होत्या. खारानं तांबं हिरवं पडतं. असं काळं पडतं ते गंधकाच्या वायूने. थंडीत वारा कारखान्यांच्या बाजूने फिरला की संध्याकाळी सडक्या अंड्यासारखा वास यायचा. लोक दारं लावून घ्यायचे आणि सकाळपर्यंत विसरायचे. देवघरातलं चांदीचं निरांजन त्याच वासाने काळं पडायचं. बाहेरच्या युनिटचं तर साधंच होतं. त्यात हवा मागून शिरते, कॉइलमधून जाते आणि मग पुढे बोंबलांवर पडते. बोंबलांवरून कॉइलकडे काहीच जात नाही. आणि खोलीतल्या यंत्रापाशी तर मासा कधी आलाच नव्हता.

हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"शैलेशभाऊंचं रोजचं काम आहे, आई," ती म्हणाली. "ते म्हणतात तर तसंच असेल."

चंद्रकांताने पदर खोचला. मग तिने स्टूल ओढलं आणि एकेक जोडी उतरवायला लागली. अर्धवट वाळलेले होते. ते शेजारी वाटून टाकले. बांबू हितेशने उपटले.

नवा एसी आला, त्याच जागी बसला. खिडकीतून येणारा वास गेला. बसमध्ये सलोनी पुन्हा शेजारी बसू लागली आणि केसांना काय लावतेस म्हणून विचारू लागली. चंद्रकांताने थोडे दिवस दुसरीकडून सुके बोंबील विकत घेऊन टोपली भरली. गिऱ्हाइकांनी एकदा घेतले, पुन्हा आली नाहीत. पालघरच्या बाजारातल्या तिच्या जागेवर रखमाबाई नावाची दुसरी मासळीवाली बसायला लागली.

एक नवं काम मात्र चंद्रकांताने स्वतःच घेतलं. रोज सकाळी गोड्या पाण्यात फडकं पिळून ती ते बाहेरचं युनिट पुसायची, देव पुसावा तसं. पुसून झालं की देवघरात निरांजन घासत बसायची.

"बोंबील गेलं तरी ह्ये काळं पडतंय," एकदा ती म्हणाली.

"जुनी चांदी आहे, आई," सपना म्हणाली.

पुढच्या थंडीत तो एसीही बंद पडला. हितेशने वैतागून शैलेशला फोन लावला आणि कामावर निघून गेला. सपनाने स्वतःच झाकण उतरवलं. आतल्या नळ्या पहिल्यासारख्याच काळ्या झाल्या होत्या. ती झाकण हातात घेऊन उभी असताना चंद्रकांता दारात आली. हातात तेच ओलं फडकं होतं. ती आत आली नाही.

"सपना, एक सांगते," ती हळू म्हणाली. "हितेशला सांगू नको."

"काय?"

"दिवाळीला हेतल आलेली ना. पोरीला सासरी न्यायला माज्या हातचं बोंबील पायजे होतं. आभाळ आलेलं. मी ओट्यावर दोरी बांधून चार जोड्या टांगल्या, तुमी दोघं कामावर असताना. मीच खोलीत जाऊन एसी लावला. सांजच्या आत काढल्या, जागा धुतली. पण त्यानंच झालं आसल. दुसरं काय होनार?"

सपनाने नळ्यांकडे पाहिलं. मग झाकण जागेवर बसवलं. खटका नीट लागेपर्यंत दाबून धरलं.

"लेकीसाठी केलं गो," चंद्रकांता म्हणाली. "त्याला कळलं तर माजं तोंड बघायचा नाय तो."

"नाही सांगणार," सपना म्हणाली.

चंद्रकांताचा चेहरा सैल पडला. आता ती आत आली. सपनाच्या गालावरून हात ओवाळून तिने कानशिलावर बोटं मोडली. "माजी बाय ती," ती म्हणाली, आणि फडकं घेऊन मागच्या ओट्यावर पुसायला गेली.